ओल्यातली आणेवारी

काशिनाथअप्पांनी पहिल्याच भेटीत माझी आणेवारी काढली ती साडेतीन आणे. पेडगावच्या सज्जावर मी तलाठी म्हणून नवाच आलो होतो आणि अप्पा त्याच सज्जावरून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. कुठलं दप्तर कुठं ठेवलंय ते विचारायला त्यांच्या घरी निघालो. जुलै महिना, काळं रान, आणि माझी मोटारसायकल त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर चिखलात बसली ती बसलीच. बूट हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत माखून मी ओट्याशी पोचलो. अप्पा खुर्चीत बसून सगळं पाहत होते. ना उठले, ना हाक मारली.

"ओल्यात साडेतीन आणे," ते म्हणाले. "बसा भाऊसाहेब. च्या टाकायलेत."

आणेवारी म्हणजे पिकाचा अंदाज. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आण्यांच्या खाली गेलं की दुष्काळ. सरकारनं आण्यांचे पैसे केले त्याला जमाना झाला, पण अप्पा आण्यांवरून हलले नाहीत आणि पिकापुरते थांबलेही नाहीत. कढी अकरा आणे, कीर्तन सात आणे, नवरदेव पाच आणे. बदली झालेल्या एका साहेबांच्या निरोप समारंभात त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं, तर "साहेब, तुमी नऊ आणे" असे मोजून चार शब्द बोलून ते खाली बसले. नऊ आणे म्हणजे दुष्काळ नव्हे, हे कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा कुठं साहेबांनी पेढा तोंडात घातला.

सोळा आणे त्यांनी कुणालाच दिले नाहीत. काकूंनाही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात काकू पंधरावर अडकल्या होत्या आणि एक आणा कशाचा कापला, हे विचारून विचारून थकल्या होत्या. पण एकदा लावलेला आकडा अप्पांनी कुणाच्या बापासाठी बदलला नाही. गावाला वाटायचं आकडा कमी लागावा, म्हणजे दुष्काळात नाव येईल. वरच्यांना वाटायचं जास्त लागावा, म्हणजे कटकट मिटेल. अप्पा दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि मग स्वतः शेतात उभं राहून दहा बाय दहाचा तुकडा कापून, मळून, तोलून जे येईल तेच लिहायचे. चावडीत बसून आकडा ठोकणाऱ्या तलाठ्याबद्दल ते जे शब्द वापरायचे ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. मी त्या शब्दांना पात्र होण्याच्या बेतात अनेकदा होतो, म्हणून मला ते पाठ आहेत.

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं भलामोठा टीव्ही आणून भिंतीला लावला. काकूंना मालिका मिळाल्या. एका रविवारी संध्याकाळी रिमोट अप्पांच्या हाती लागला आणि समोर आली परदेशातली मोटारींची शर्यत. जमिनीला पोट घासत धावणाऱ्या, उघड्या चाकांच्या त्या गाड्या. नेमका त्या दिवशी तिकडं पाऊस पडत होता. एक गाडी गरकन फिरली, दुसरी गवतात घुसली, तिसरी भिंतीला जाऊन चिकटली. "अगं, हे तर आपल्या पांदणीतलं दाखवायलेत!" असं अप्पांनी काकूंना ओरडून सांगितलं म्हणे. त्या दिवसापासून काकूंची रविवारची मालिका बंद पडली.

कोरड्या शर्यतीत त्यांना काडीचा रस नव्हता. "कोरड्यात काय, गाडीच पळती. ह्यो नुसता बसल्याला असतोय," असं म्हणत ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचे. पहिला थेंब पडला की शेंगा बाजूला आणि वही मांडीवर. चालकांची नावं त्यांच्या जिभेवर बसली नाहीत आणि त्यांनी बसवण्याचा प्रयत्नही केला नाही. हेल्मेटला ते टोपडं म्हणत आणि टोपड्याच्या रंगावरून माणूस ओळखत. पिवळं टोपडं, निळं टोपडं, एक ठिपक्याठिपक्यांचं टोपडं. ज्यांच्या सहीसाठी जगभर झुंबड उडते ती माणसं पेडगावात बारशातल्या बाळांसारखी ओळीनं मांडलेली होती.

वहीत मात्र चेष्टा नव्हती. ओल्यात कोण सरस, हे ठरवायची अप्पांची रीत शेतातलीच होती. मी एकदा भाबडेपणानं म्हणालो, "जो जिंकला तो सरस, अप्पा. त्यात काय एवढं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझे साडेतीनचे तीन झाले असावेत. "एकाचं रान काळंभोर, दुसऱ्याचं मुरमाड. गाडीच भारी असंल तर टोपड्याचं काय कौतुक? एका मालकाच्या दोन गाड्या असत्यात न्हवं? त्या दोघांतच बगायचं. एकच रान, एकच बी, एकच पाऊस. कोरड्यात ह्यो त्याच्या मागं किती, आन् ओल्यात पुढं किती. मंग कळतंय कास्तकार कोण हाय ते."

पुढं मी याबद्दल बरंच वाचलं. इंग्रजीतल्या मोठमोठ्या जाणकारांनी पानंच्या पानं खर्चून शेवटी हेच लिहिलेलं आढळलं, फक्त त्यात कास्तकार नव्हता.

त्यांचा दुसरा शोध चाकोरीचा. कोरड्या रस्त्यावर सगळ्या गाड्या एकाच ओळीतून वळतात, तिथं टायरचं रबर बसतं आणि चाकाला पकड मिळते. पाऊस पडला की नेमकी तीच ओळ निसरडी होते. अप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते दिसलं, कारण आमच्याकडच्या पांदणीत दुसरं काही दिसतच नाही. ट्रॅक्टरांनी पाडलेली चाकोरी हिवाळ्यात सुखाची असते. आषाढात तिच्यात चाक गेलं की ते दिवाळीलाच निघतं. जाणता माणूस चाकोरी सोडतो आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या कडेनं, जिथून कुणी गेलेलं नाही तिथून गाडी काढतो. पिवळं टोपडं हेच करायचं. सगळे आतून वळायचे, हा गडी बाहेरून, पाण्यातून, लोकांच्या मागून येऊन पुढं. "धुऱ्यानं काढली! बगा भाऊसाहेब, धुऱ्यानं काढली!" म्हणत अप्पा खुर्चीतून उठायचे. पिवळ्याला त्यांनी ओल्यात पावणेपंधरा आणे लावले होते. आपल्यापेक्षा पाव आणा कमी आहे हे कळल्यावर काकूंचा त्या परक्या माणसावरचा राग जरा निवळला.

इथवर सगळं मजेचं होतं. मग त्यात इवाई आले.

अप्पांची एकुलती एक लेक संगीता चुडाव्याला दिलेली. तिचे सासरे माणिकराव, म्हणजे अप्पांचे व्याही, रेल्वेच्या फाटकावर आयुष्यभर गेटमन होते. शर्यतीचा नाद त्यांना अप्पांनीच लावला, आणि ते निळ्या टोपड्याचे झाले. निळं टोपडं आपली ओळ वीतभरही सोडत नसे. ऊन असो, पाऊस असो, प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर ठेवल्यासारखी. ज्या माणसानं तीस वर्षं रुळावरून गेलेल्या गाड्यांनाच हिरवं निशाण दाखवलं त्याला दुसरं कोण आवडणार? "लाईन सोडली की अपघात, इवाई," माणिकराव म्हणायचे. "लाईन धरली की चिखलात," अप्पा म्हणायचे. फोनवर तासतासभर हेच. दोन्हीकडच्या विहिणी आपापल्या घरात कपाळाला हात लावून बसायच्या.

संगीताच्या मुलीचं जावळ होतं. चुडाव्याला मोठी पंगत, मीही अप्पांबरोबर गेलो होतो. वरणभातावर असताना कुणीतरी खोडी काढली की अप्पा, इवायांच्या निळ्याची आणेवारी किती? अप्पांनी घास गिळला आणि चाळीस माणसांत सांगून टाकलं, "ओल्यात सहा आणे."

सहा आणे. म्हणजे दुष्काळ जाहीर.

माणिकराव वाढत होते. त्यांनी वरणाचं भगुणं खाली ठेवलं. "निळा आन् पिवळा एका मालकाकडं आत्ता या साली आलेत," ते शांतपणे म्हणाले. "अजून एकबी शर्यत पावसात झाली न्हाई. मंग कोणचं रान कापून आकडा काढला तुमी? का चावडीत बसून?"

अप्पांच्या आयुष्यात त्यांना इतकं लागट कुणी बोललं नव्हतं, आणि वाईट असं की माणिकरावांचं म्हणणं बरोबर होतं. अप्पा पानावरून उठले. लेकीनं ताक घेऊन जा म्हणून मागं मागं येत विनवलं, तर तिच्याकडंही न पाहता गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "इज्जत काढली," म्हणाले. कुणी कुणाची काढली ते मी विचारलं नाही.

पंचमी आली. पंचमीला लेक माहेरी येते, झोका बांधते, हा आमच्याकडचा रिवाज. अप्पांनी स्वतः फोन केला नाही, काकूंना करायला लावला. माणिकरावांनी अत्यंत अदबीनं उत्तर दिलं. "पाठवलं असतं, इहीणबाई. पर पाऊस हाय, रस्ता ओला हाय. सुनेला घेऊन येणार माझाच पोरगा. आन् आमची मानसं ओल्यात सहा आण्याची. जीव धोक्यात कामून घालावा?"

महालक्ष्म्यांना पुन्हा तेच उत्तर. संगीता रोज दुपारी आईशी बोलायची, बापाचा विषय निघाला की गप्प व्हायची. अप्पा ओट्यावर बसून ऐकत नसल्याचं सोंग करायचे. काकूंनी झोक्याचा दोर आढ्याला तसाच ठेवला होता. अप्पांनी तो काढायला लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला लावला. एवढा ताठ माणूस, पण लेकीसाठी आतून पार खचला होता. मला त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला.

शेवटी मी मध्यस्थी केली. चुडाव्याला गेलो, माणिकरावांचे पाय धरले, माझ्या नोकरीत कुठल्या साहेबांचेही इतके धरले नसतील. ते विरघळले, पण अटीवर. "दोन्ही टोपडी एका मालकाकडं हायेत. एक शर्यत पावसात होऊ द्या. मंग जे खरं निघंल ते त्यांनी आपल्या तोंडानं सांगावं. निळा सरस निघाला तर सूनबाई दुसऱ्या दिवशी माहेरी. पिवळा निघाला तर मी तोंड मिटतो, पर मंग आमचा ओला रस्ता कायमचाच सहा आण्याचा. त्येंनीच ठरवल्यालं."

यातून अप्पांना काय मिळणार होतं, बघा. खरे ठरले तर लेक दुरावणार, खोटे ठरले तर लेक येणार. तरी त्यांनी अट मान्य केली. त्यांना वाटलं, आधी पाऊस तर पडू दे.

पाऊस पडेना. म्हणजे आमच्याकडं भरपूर पडला, तिकडं पडेना. एका रविवारी कडक ऊन, दुसऱ्या रविवारी ढग येऊन गेले. अप्पा सकाळ-संध्याकाळ मला गाठायचे. "भाऊसाहेब, तुमच्या मोबाईलात बगा, बेल्जममधी आभाळ हाय का?" ज्या माणसानं परभणीच्या हवामान खात्यावर कधी विश्वास ठेवला नाही, तो बेल्जमच्या खात्यावर जीव टाकून बसला होता.

मग एका शनिवारी ते मारुतीला गेले, नारळ फोडला आणि हात जोडून सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा मारुतीराया, उद्या पाऊस पाड. लय पाड."

सोयाबीन काढणीला आलेलं. शेंगा वाळलेल्या, अर्ध्या गावाच्या गंज्या रानात उघड्या. देवळात सात-आठ शेतकरी बसले होते, ते एकदम उठले. "अप्पा, डोकं ठिकाणावर हाय का? मोड येत्याल सोयाबीनला!" एकानं तर नारळाचा प्रसाद परत टाकला.

"इथं न्हाई रे! तिकडं!" अप्पा हात उंचावून पश्चिमेकडं दाखवायला लागले. तिकडं मानवत-पाथरी. तिथले दोन पाहुणे देवळात होते, ते जास्तच भडकले. अप्पांना घरी पोचवेपर्यंत माझी पुरेवाट झाली. वाटेत ते मलाच विचारत होते की देवाला गैरसमज तर झाला नसेल ना.

झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिकडं शर्यतीच्या गावीही पाऊस आला आणि आमच्याकडंही थोडा शिंतडला, म्हणून गाव आठवडाभर अप्पांशी बोललं नाही.

ती शर्यत मी त्यांच्या शेजारी बसून पाहिली. चार वाजल्यापासून त्यांनी शेंगांना हात लावला नव्हता. सुरुवातीलाच धो धो. निळं टोपडं पुढं, आपल्या ओळीत, रुळावर असल्यासारखं. पिवळं सहावं. तिसऱ्या फेरीत पिवळ्यानं ओळ सोडली. बाहेरून एक गाडी घेतली, मग दुसरी. निळ्याची गाडी प्रत्येक वळणावर जराशी घसरत होती, तो ती पुन्हा त्याच ओळीत आणत होता, ती पुन्हा घसरत होती. दहाव्या फेरीला पिवळा त्याच्या बाजूनं असा निघून गेला की मला निळ्याचंच वाईट वाटलं. मी "धुऱ्यानं काढली!" म्हणून ओरडलो. अप्पा ओरडले नाहीत.

मग पाऊस थांबला, रस्ता सुकायला लागला. पावसाचे टायर काढून कोरडे कधी घालायचे, हा तिथला मोठा प्रश्न असतो. अप्पांच्या भाषेत, वापसा. पावसानंतर रान ना चिखल ना कोरडं, नेमकं पेरणीजोगं होतं तो क्षण. निळ्यानं घाई केली. दोन फेऱ्या आधीच कोरडे टायर घालून आला आणि पहिल्याच वळणावर सरळ वाळूत गेला. "वापसा न बगता पेरलं," अप्पा पुटपुटले. पिवळा दोन फेऱ्या थांबला, मग टायर बदलले आणि जिंकला. एकच मालक, एकच गाडी, एकच पाऊस. यापेक्षा स्वच्छ पीककापणी होणं शक्य नव्हतं.

अप्पांनी वहीत काहीच लिहिलं नाही. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना शर्यतीतलं काही कळत नसे, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. त्या आत निघून गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. माणिकराव. अप्पांनी तो हात लांब करून आवाज मोठा करून धरला, कारण त्यांना कानाशी ऐकू यायचं नाही.

"इवाई, आमच्याकडं वारं सुटलं, लाईट गेली. शर्यतीच्या आधीपासनं न्हाई. काय झालं हो? तुमी सांगताल ते खरं."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी टीव्हीकडं पाहिलं. तिथं पिवळं टोपडं काढून एक घामेजलेला पोरगा हसत उभा होता.

"काय सांगू, इवाई," अप्पा म्हणाले. आवाज पाडलेला. "तुमचा निळा. लय चांगला चालवला. म्या लावल्याला आकडा चुकीचा व्हता. ओल्यात पंधरा आणे."

 मग माणिकराव म्हणाले, "उद्या सकाळी पाठवतो सूनबाईला." फोन बंद झाला. अप्पांनी टीव्ही बंद केला आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी आता जावा घरी. कुठं बोलू नगा." चाळीस वर्षांतली ती त्यांची पहिली खोटी आणेवारी, आणि तिचा एकमेव साक्षीदार मी, ज्यानं स्वतः अशा किती लावल्या ते विचारू नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी लगेच निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्दाम तिकडून गेलो. जावई सोडून, चहा पिऊन परतले होते. संगीता ओट्यावर बसून भाजी निवडत होती, नात अप्पांच्या मांडीवर. अप्पा एका दिवसात दहा वर्षांनी लहान झाले होते आणि नातीच्या बोबड्या बोलण्याला उत्तरं देत होते.

"अप्पा," संगीता मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "पिवळा जिंकला काल."

अप्पा नातीच्या टोपीशी चाळा करत राहिले. "तुला कोन सांगितलं?"

"कोन सांगायला पायजे? माझ्या मोबाईलवर बगितली की. मामंजी आन् मी, दोघांनी. निळा वाळूत गेला तवा मामंजी उठून अंगणात जाऊन आले. मंग तुमाला फोन लावला."

"आन् लाईट?"

"लाईट गेलीच व्हती. मोबाईलला काय लाईट लागती?" ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "तुमी काय सांगताय ते ऐकायचं व्हतं त्यांना. फोन ठेवला आन् मला म्हनले, सूनबाई, पिशवी भर. तुह्या बापानं तुह्यासाठी इमान सोडलं."

 नात मांडीवरून उतरून मेथीच्या काड्या गोळा करायला लागली, तरी अप्पांचे हात तसेच धरलेले होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

"मानूस लय मोठा हाय, संगे," ते म्हणाले. "मोटारीतलं मातर त्याला काय बी कळत न्हाई."